अनुशेष जिल्ह्याचा नव्हे, गावाचा मोजा



‘पश्चिम महाराष्ट्राने सगळा निधी पळवला’ हे पत्र वाचले. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष खराच आहे. १९८४ मध्ये दांडेकर समितीने तो आकड्यांत मांडला, त्याबद्दल दुमत नाही. पण पत्रलेखकाने एकदा नातेपुत्याला यावे. गावाच्या उत्तरेला नीरा उजव्या कालव्याखालचा ऊस. दक्षिणेला शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे वळले, की बाजरीची वावरे आणि पाणी न लागलेली बोअर. तालुका एकच, माळशिरस. दांडेकरांनी मोजमापाचे एकक जिल्हा धरला, आणि जिल्ह्याच्या सरासरीत कोरडा पट्टा बुडाला. (बुडायला पाणी नव्हते, ते सोडा.) नीरा-देवघर धरण भोर तालुक्यात उभे राहिले, कालव्याची वाट आमचा दुष्काळी पट्टा वर्षानुवर्षे पाहत आला.

राजधानीपासून लांब असणाऱ्यांनी आपसात भांडावे, हे राज्यकर्त्यांच्या सोयीचेच.

अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती पुन्हा नेमताना गावनिहाय सिंचनाचे आकडे जाहीर करावेत, ही मागणी पत्रलेखक आणि आम्ही मिळून करू या.

– एक शेतकरी वाचक, नातेपुते (जि. सोलापूर)