ग्रेस केलीने अभिनय खरंच एका लग्नासाठी सोडला?

ग्रेस केलीच्या लग्नाचे फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलेच असतील. ऑस्करविजेत्या नायिकेने १९५६ मध्ये मोनॅकोच्या प्रिन्स रेनिये यांच्याशी लग्न केलं आणि प्रेमाखातर अभिनय सोडला, एवढीच गोष्ट सांगितली जाते. (तो प्रसिद्ध ड्रेसही एमजीएम स्टुडिओचीच भेट होती!)

पण तिला परतायचं होतं. १९६२ मध्ये तिने हिचकॉकच्या 'मार्नी'ला होकार दिला, राजवाड्याने तशी घोषणाही केली. राजघराण्याच्या सुनेने पडद्यावर चोर व्हावं, हे मोनॅकोच्या लोकांना रुचलं नाही. त्याच वर्षी करांवरून फ्रान्सशी वादही पेटला होता. शेवटी तिनेच माघार घेतली आणि भूमिका टिपी हेड्रनकडे गेली. ग्रेस तेव्हा अवघी ३२ वर्षांची होती.