कलेचा हिशेब शिकायला हरकत कोणाची?

सिनेमा, संगीत, प्रकाशन, फॅशन, हस्तकला, व्हिडिओ गेम या सगळ्यांचा 'जागतिक सर्जनशील आणि सांस्कृतिक उद्योग' म्हणून एकत्र अभ्यास करणारे एम.ए.चे अभ्यासक्रम गेल्या काही दशकांत ब्रिटनमध्ये चांगले रुजले. लंडनच्या किंग्ज कॉलेज, गोल्डस्मिथ्स, सोआस अशा संस्थांत ते शिकवले जातात आणि मराठी मुलंमुलीही कर्ज काढून तिथे जातात. या शिक्षणाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचजण कलेवर मनापासून प्रेम करणारे आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. पण ते चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत कलावंतच मोजतात.

पहिलं म्हणणं असं, की कला वर्गात शिकवून येत नाही आणि कलेचा धंदा तर धंद्यात पडल्यावरच कळतो. मग ही पदवी कशाला? यातला पूर्वार्ध या अभ्यासक्रमांना लागूच होत नाही. ते चित्र काढायला किंवा पटकथा लिहायला शिकवत नाहीत. तयार झालेली कृती कोणाच्या मालकीची होते, ती कोणत्या कायद्याने हातातून जाते, पैसा कुठे जमतो आणि कुठे पोचत नाही, याचा ते अभ्यास करतात. उत्तरार्ध, म्हणजे अनुभवातून शिकण्याचा, जास्त धोक्याचा आहे. या क्षेत्रात अनुभव येतो तो सही झाल्यानंतर.

दक्षिण कोरियातल्या बेक ही-ना यांचं 'क्लाउड ब्रेड' हे मुलांचं चित्रपुस्तक 2004 मध्ये आलं. त्यावर अ‍ॅनिमेशन मालिका झाली, संगीतिका झाली, वस्तू विकल्या गेल्या. लेखिकेने मात्र हक्क एकरकमी मोबदल्यावर लिहून दिले होते. तिच्या वाट्याला एकूण सुमारे 1 कोटी 85 लाख वॉन आले, म्हणजे आपल्याकडच्या दहा-बारा लाख रुपयांच्या आसपास. ती कोर्टात गेली आणि हरली. 2020 मध्ये, ज्या वर्षी बालसाहित्यातला अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार तिला मिळाला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तिच्या विरोधातला निकाल कायम ठेवला. पुढच्याच वर्षी 'स्क्विड गेम' जगभर गाजली. तिचे दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्योक यांनी मुलाखतीत सांगितलं, की नेटफ्लिक्सने मूळ करारात ठरलं होतं तेवढंच दिलं. यश वाढलं म्हणून मोबदला वाढला नाही. दोघांच्याही प्रतिभेत काही कमी नव्हतं. त्यांना नडला तो करार.

हे दूरचं वाटत असेल तर मुंबईकडे पाहा. 1977 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन गीतकार-संगीतकाराकडून चित्रपटासाठी काम करून घेतलं, की वेगळा करार नसेल तर त्या कामाचा पहिला मालक निर्माता. पुढची पस्तीस वर्षं गाणी रेडिओवर, लग्नात, हॉटेलात वाजत राहिली आणि रचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. जावेद अख्तर राज्यसभेत गेल्यावर त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि 2012 ची कॉपीराइट दुरुस्ती झाली. आता गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा निर्मात्याच्या नावे लिहून देताच येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. एवढीशी तरतूद. पण ती घडवायला कायदा, संगीताचा धंदा आणि त्याचा इतिहास तिन्ही एकत्र कळणारी माणसं लागली. अशी माणसं आपोआप तयार होतील, ही आशा आपण फार काळ केली.

दुसरं म्हणणं वैचारिक आहे आणि त्याचं वजन मोठं आहे. संस्कृतीला उद्योग म्हणणं हीच शरणागती, असं ते सांगतं. अडोर्नो आणि होर्कहायमर या निर्वासित जर्मन विचारवंतांनी 1940 च्या दशकात अमेरिकेत बसून 'संस्कृती-उद्योगा'वर घणाघाती टीका केली होती. साच्यातून काढलेली करमणूक माणसाला गुलाम करते, असा त्यांचा निष्कर्ष. पन्नास वर्षांनी टोनी ब्लेअरच्या सरकारने तीच कल्पना उलटी करून अभिमानाने मिरवली. 1998 मध्ये ब्रिटिश सांस्कृतिक खात्याने 'सर्जनशील उद्योगां'चा आराखडा काढला, त्यात तेरा क्षेत्रं मोजली आणि त्यांच्या उलाढालीचे आकडे राजकारण्यांना फार आवडले. आक्षेप घेणारे विचारतात, की ज्या विद्याशाखेची वाढ सरकारी जाहिरातीच्या छायेत झाली, ती स्वतंत्र विचार काय करणार?

जन्माची ही कथा खरी आहे. पण त्या तेरा क्षेत्रांत सॉफ्टवेअरही होतं, आणि त्याच्यामुळे आकडे फुगतात, हे दाखवून दिलं कोणी? याच विषयाच्या अभ्यासकांनी. ओरियन ब्रुक, डेव्ह ओब्रायन आणि मार्क टेलर यांचं 2020 चं 'कल्चर इज बॅड फॉर यू' हे पुस्तक बघा. ब्रिटनच्या कला-क्षेत्रात कष्टकरी घरातल्या मुलांना शिरकाव मिळणं किती कठीण आहे आणि बिनपगारी काम त्यांना दारातच कसं अडवतं, हे त्यात आकडेवारी आणि मुलाखतींतून मांडलं आहे. मंत्र्यांच्या भाषणांना इतकं सडेतोड उत्तर बाहेरच्या एकाही कलाप्रेमीने दिलेलं मला दिसलेलं नाही. बाजाराकडे पाठ फिरवली म्हणून बाजार थांबत नाही; तो बघणारा एक साक्षीदार तेवढा कमी होतो. अडोर्नोही याच वर्गांत वाचला जातो, आणि वाचलाच पाहिजे.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा: 'जागतिक' म्हणजे शेवटी लंडन-न्यूयॉर्कचा चष्मा. काही अभ्यासक्रमांबद्दल हे बरोबर असेल. पण या विषयाचा उत्तम भाग नेमका त्या चष्म्याबाहेर आहे. ब्रायन लार्किन यांनी उत्तर नायजेरियातल्या कानो शहराचा अभ्यास करून दाखवलं, की हिंदी आणि हॉलिवूड चित्रपटांच्या चोरट्या कॅसेटींचं जे जाळं तिथे पसरलं होतं, त्याच वाटेने नंतर नायजेरियाचे स्वतःचे व्हिडिओपट घरोघर पोचले. मुंबईत निघालेले चित्रपट हौसा भाषेतल्या सिनेमाच्या घडणीत उतरतात, ही गोष्ट लंडनकडे तोंड करून बसल्यास दिसत नाही. 2005 मध्ये युनेस्कोत सांस्कृतिक विविधतेचा करार आला तेव्हा 148 देश बाजूने होते आणि विरोधात दोनच, अमेरिका आणि इस्रायल. सिनेमा हा इतर मालासारखा माल आहे की नाही, यावर जगाने दिलेलं ते मत होतं. भारतानेही पुढच्याच वर्षी त्याला मान्यता दिली.

आणि मग कोल्हापुरी. जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीसारख्या ज्या चपला दाखवल्या, त्या बघून कोल्हापुरात संताप उसळला. तो योग्यच होता. पण संतापाला कायद्यात पाय टेकायला जागा नव्हती, हे फार थोड्यांनी सांगितलं. कोल्हापुरीला 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांचं आहे. ते नावाचं संरक्षण करतं, घाटाचं नाही. आणि ते भारतीय कायद्यातलं आहे, इटलीतलं नाही. प्राडाने तर ते नाव वापरलंच नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक, म्हणजे दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं, न्यायालयात आलेच नव्हते. वर्षाअखेर त्याच महामंडळांशी प्राडाचा करार झाला: सुमारे 2,000 जोड, किंमत जोडामागे आठशे युरोच्या घरात.

खरा अभ्यास इथे सुरू होतो. त्या आठशे युरोतले कातडं कमावणाऱ्याला किती, तळ कापणाऱ्याला किती, घरी बसून वेणी विणणाऱ्या बाईला किती? तिचं नाव कुठल्या कागदावर आहे? महामंडळ कारागिराच्या वतीने सही करतं तेव्हा कारागिराला विचारलं जातं का? हे प्रश्न चित्रकलेच्या वर्गात येत नाहीत, वाणिज्य शाखेतही येत नाहीत आणि कायद्याच्या महाविद्यालयात आले तर जात आणि कारागिरी वगळून येतात. ते एका टेबलावर मांडणारी जागा म्हणून मला हा विषय हवा आहे.

म्हणून माझी मागणी परदेशी पदवीपुरती थांबत नाही. असा विभाग इथे हवा आणि त्याचं काम मराठीत चालायला हवं. साहित्य तयार आहे. 'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापुरात 1929 साली पाच भागीदारांनी काढली, 1933 मध्ये पुण्यात आणली. 'संत तुकाराम'च्या व्हेनिसमधल्या गौरवाबद्दल आपण भरभरून बोलतो, पण ती भागीदारी कशी चालली आणि का मोडली हे शिकवत नाही. नारायणगावच्या राहुट्यांत यात्रांच्या हंगामातल्या तमाशांच्या सुपाऱ्या ठरतात, फडमालक कलावंतांना उचल देतो, ती फेडता फेडता पुढचा हंगाम येतो. नेटफ्लिक्सच्या करारावर प्रबंध होतो तसा या उचलीवरही व्हावा, त्याच दर्जाचा, त्याच काटेकोरपणे. नाटकातली 'नाइट', गवयाची बिदागी, तमाशातली सुपारी हे सगळे मोबदल्याचे करार आहेत आणि त्यांतले बहुतेक तोंडी आहेत. विद्यापीठाने पहिल्या तुकडीला हेच काम द्यावं: एका हंगामात एका फडाबरोबर राहून त्याचा जमाखर्च लिहून काढायचा, कलावंतांना वाचून दाखवायचा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांसह छापायचा.