कॅसेटी फोडणाऱ्या हातांना



आमच्या बुलढाणा जिल्ह्यात 'बँड' म्हटला की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात उभी राहते. झालरीचे गणवेश, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि पोटाशी बांधलेला ढोल. त्यामुळे "फादर, आमचा मुलगा बँडच्या नादी लागला आहे," अशी तक्रार घेऊन एक माउली माझ्याकडे आली, तेव्हा शेजारी बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, "मग बरंच झालं की! लग्नसराईत चार पैसे तरी मिळतील." माउलीला मात्र हसू आले नाही. तिचा मुलगा बारावीत शिकतो. रविवारच्या मिस्सेला गायकवृंदात गिटार वाजवतो आणि उरलेला वेळ कानाला हेडफोन लावून परदेशी 'मेटल' संगीत ऐकतो. त्याच्या काळ्या टी-शर्टवर कवटीचे चित्र आहे. एवढ्यावरून धर्मग्रामातील काही ज्येष्ठांनी त्याला गायकवृंदातून काढण्याची मागणी केली होती, आणि वडिलांनी तर त्याची गिटार विकण्याचे ठरवले होते.

ती मागणी मी फेटाळली. का फेटाळली, ते येथे लिहितो. काहींना हे लिखाण कडू लागेल, याची मला जाणीव आहे. म्हणून कडू घोट प्रथम मीच घेतो.

१९९० च्या सुमारास मी सेमिनरीत शिकत होतो. उन्हाळ्याच्या सुटीत एका युवा शिबिराची जबाबदारी माझ्यावर आली. त्या दिवसांत एक पत्रक हातोहात फिरत असे. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या तबकड्या उलट्या फिरवल्या असता सैतानाचे संदेश ऐकू येतात, असे त्यात ठामपणे छापलेले होते. मी त्यांपैकी एकही तबकडी सुलट ऐकलेली नव्हती, मग उलट कोठून ऐकणार? तरीही त्या पत्रकाच्या आधारावर मी तासभर प्रवचन झोडले आणि मुलांना आपापल्या कॅसेटी आणून देण्यास सांगितले. पंधरा-वीस कॅसेटी जमल्या. आम्ही त्या दगडाने फोडल्या, आतल्या फिती ओढून काढल्या आणि पेटवून दिल्या. सर्वांत शेवटी कॅसेट दिली ती एका गरीब मुलाने. कापूस वेचून मिळालेल्या पैशातून त्याने ती घेतली होती, आणि आतल्या कागदावर प्रत्येक वादकाचे नाव त्याने स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहून ठेवले होते. तो कागदही जळाला.

पुष्कळ वर्षांनी त्याची माझी भेट झाली. तो रागावलेला नव्हता. सहज म्हणाला, "फादर, त्या दिवसानंतर मला काय आवडतं, ते मी कोणत्याच धर्मगुरूला सांगितलं नाही." पापनिवेदनाच्या आसनावर बसून इतरांची पापे ऐकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती?

आता त्या पत्रकातील 'शास्त्रा'विषयी. ज्या १९९० साली आम्ही ती होळी केली, त्याच साली अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या न्यायालयात 'जुडास प्रीस्ट' या मेटल बँडवर खटला चालला. दोन तरुणांनी केलेल्या आत्मघाताला बँडच्या गाण्यात दडलेला संदेश कारणीभूत झाला, असा पालकांचा आरोप होता. न्यायाधीशांनी साक्षीपुरावे तपासले, गाणी ऐकली आणि ऑगस्टमध्ये बँडला दोषमुक्त केले. जो शब्द ऐकू येतो असे म्हटले जात होते, तो आवाजांच्या योगायोगाने झालेल्या मिश्रणाचा परिणाम होता. न्यायालयाने गाणी ऐकून निर्णय दिला. आम्ही न ऐकताच निर्णय दिला होता, एवढाच काय तो फरक!

असे करणारे आम्ही पहिले नव्हतो. १९६६ साली जॉन लेननच्या ख्रिस्तासंबंधीच्या एका उद्धट विधानावरून अमेरिकेच्या दक्षिण भागात 'बीटल्स'च्या तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. पुढे २००८ साली व्हॅटिकनच्या 'लोसर्व्हातोरे रोमानो' या वृत्तपत्राने त्याच बीटल्सच्या संगीताचा गौरव केला, आणि ते विधान म्हणजे अनपेक्षित यशाने गोंधळलेल्या एका तरुणाची बढाई होती, असे समजूतदारपणे म्हटले. ख्रिस्तसभेच्या मुखपत्राला बेचाळीस वर्षांनी क्षमा सुचते, तर आपल्या घरातील सतरा वर्षांच्या मुलाला आपण बेचाळीस मिनिटे तरी द्यावीत की नाही?

ज्येष्ठांचा पहिला आक्षेप असा, की हे संगीत परके आहे. आपले भजन, आपली पेटी हीच खरी. पेटीचाच दाखला घेऊ. हार्मोनियम हे वाद्य एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडले. भारतीय संगीताला ते मानवत नाही, असे ठरवून आकाशवाणीने १९४० साली त्याच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. आज शेगावच्या वाटेवरील दिंडीत आणि आपल्या प्रार्थनासभेत तीच पेटी 'आपली' होऊन बसली आहे. लग्नातला क्लॅरिनेट तरी कोणाचा? तो तर गोऱ्या पलटणींच्या बँडमधून आला. उलट नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग व कीर्तन उपासनेत आणले, तेव्हा परक्या चालींवर गाण्याची सवय जडलेल्या कानांना आपलाच अभंग नवखा वाटला असेल. परके आणि आपले यांची सीमा इतकी चंचल आहे.

आमच्या जिल्ह्याचेच एक उदाहरण देतो. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांना 'खूणगाठी' या संग्रहासाठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते त्याच्या कितीतरी आधी, 'शीळ' या कवितेमुळे. जी. एन. जोशी यांनी ती गायिली आणि तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या आरंभीच्या तबकड्यांत तिला मानाचे स्थान आहे. तीन-साडेतीन मिनिटांत संपणारे, यंत्रातून वाजणारे, प्रेमाविषयीचे गाणे! त्या काळच्या किती वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असतील, याची कल्पना करून पाहा. आज तेच गाणे आपण 'जुने ते सोने' म्हणून मुलांना ऐकवतो. हेच जोशी पुढे हिज मास्टर्स व्हॉईस कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले, आणि १९६७ साली त्यांच्या देखरेखीखाली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. तिच्या चाहत्यांत बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनची गणना होते. म्हणजे मेहकरच्या कवीला आवाज देणाऱ्या माणसाचे काम बीटल्सपर्यंत पोहोचले. तिकडच्या माणसाला आमचा संतूर परका वाटला नाही; मग इकडच्या पोराला तिकडची गिटार आवडली, तर संस्कृती कोठे बुडाली?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या गाण्यांत मृत्यू, अंधार आणि निराशा आहे, असे म्हणतात. ते खरे आहे. काही गाणी केवळ धंद्यासाठी किळसवाणी केलेली असतात, तीही मी ऐकली आणि मुलाला स्पष्ट सांगितले की ही मला हीन वाटतात. पण अंधाराचे नाव काढणे हेच पाप असेल, तर पवित्र शास्त्रातील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र कोठे ठेवायचे? ते स्तोत्र आक्रोशाने सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी दिलाशाचा एक शब्दही नाही. ख्रिस्तसभेने ते शतकानुशतके जपले, कारण दुःखी माणसाला आपल्या दुःखाइतके खोल शब्द लागतात. तो मुलगा मला म्हणाला, "फादर, आजोबा गेले तेव्हा घरात कोणी बोलत नव्हतं. त्या गाण्यांत निदान कोणी तरी ओरडत होतं." ही टीका गाण्यावर आहे की आपल्या घरांवर?

तिसरा आक्षेप पवित्र स्थानाचा आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पियानो आणि ढोलासारखी गोंगाटाची वाद्ये चर्चमध्ये वाजवण्यास मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रत्येक लोकसमूहाच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान देण्यास सांगितले. आज आपला ढोलक वेदीजवळ वाजतो, तो त्या दुसऱ्या निर्णयामुळे. तरीही मिस्सेची स्वतःची शिस्त आहे, आणि मेटल मिस्सेत नको, हे मीही म्हणतो. पण त्या मुलाने तशी मागणी कधी केली? तो तेथे स्तोत्राची साथ करतो आणि वेळेवर येतो. याउलट त्याच्यावर बोट ठेवणाऱ्यांच्या घरच्या लग्नात मध्यरात्रीपर्यंत डीजे चालला आणि शेजारच्या तान्ह्या बाळाला झोप लागली नाही. कानाला हेडफोन लावून ऐकणारा हा मुलगा कोणाची झोप मोडतो?

मतभेद असू शकतात. १९९७ साली बोलोन्या येथे पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर बॉब डिलन गायला, आणि पोपमहोदयांनी त्याच्याच एका गीतातील वाऱ्याचा धागा घेऊन तरुणांना पवित्र आत्म्याविषयी सांगितले. कार्डिनल रॅटझिंगर यांना मात्र तो बेत पटला नव्हता. पोप झाल्यावर २००७ साली त्यांनी तसे लिहिलेही. ते स्वतः मोत्झार्टचे निस्सीम चाहते होते आणि पियानो वाजवीत. दोन विवेकी माणसांची आवड भिन्न होती. पण कोणी कोणाच्या तबकड्या फोडल्या नाहीत.

आता दोन शब्द चाहत्यांना. मित्रहो, तुमच्या आवडीची बाजू मी घेतली, तुमच्या तोऱ्याची घेतलेली नाही. आपल्या बँडपलीकडचे सर्व संगीत टाकाऊ, बहिणीचे भक्तिगीत बावळट, वडिलांचे भावगीत शिळे, असे म्हणणारा चाहता आणि कॅसेटी फोडणारा सेमिनारियन हे सख्खे भाऊ आहेत. दोघांनीही न ऐकताच निकाल दिलेला असतो. वादकाला देवाच्या जागी बसवू नका. तोही चुकणारा माणूस आहे. आणि केवळ ऐकत राहू नका. जे प्रेम बोटांत उतरत नाही, ते अर्धेच राहते.

ज्येष्ठांनो, त्या मुलाला कोणत्या अल्बमवर कोणी ढोल वाजवले, कोणते गाणे कोणाच्या मृत्यूनंतर लिहिले गेले, सारे तोंडपाठ आहे. आपण वर्षानुवर्षे गातो त्या स्तोत्रांपैकी किती स्तोत्रांच्या कवींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? मन लावून ऐकण्याची ही शक्ती दुर्मीळ आहे. आपण ती मुलांमध्ये शोधून जोपासायला हवी. आपण मात्र ती दिसताच ठेचू पाहतो.

गिटार विकली गेली नाही. मी वडिलांना एकच विनंती केली: एका संध्याकाळी मुलाने त्याच्या आवडीचे एक गाणे लावावे आणि तुम्ही ते मध्येच बंद न करता ऐकावे, मग तुमच्या आवडीचे एक तुम्ही लावा आणि त्याने ऐकावे. वडील कुरकुरले, पण बसले. मुलाचे गाणे त्यांना आवडले नाही, आणि तसे त्यांनी सांगितलेही. मात्र त्या दिवसापासून मुलगा हेडफोन काढून जेवायला बसतो, असे माउलीने मला कळवले.

वाचकहो, आपल्या घरीही अशी एक संध्याकाळ ठेवा. आणि कॅसेट फोडण्यासाठी हात पुन्हा शिवशिवलाच, तर कापूस वेचून आलेल्या पैशांची ती एक कॅसेट आठवा. ती परत देणे आता माझ्या हातात नाही.