खुली जागा राखा, आरोग्य राखा

मे महिन्यात यवतमाळचा पारा 44-45 अंशांवर जातो. आम्ही वॉर्डात ड्युटी करत होतो तेव्हा या दिवसांत ऊन लागलेले पेशंट यायचे. बांधकामावरचे मजूर, हातगाडीवाले, टिनाच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया. आम्ही सलाईन लावायचो, ओल्या कपड्याने अंग पुसायचो. बरे झाले की ते पुन्हा त्याच टिनाखाली जायचे. आज वस्त्यांत काम करताना वाटते, घराजवळ दाट सावलीची एक जागा असती तर यातले काही जण दवाखान्यात आलेच नसते.

शहरात करमणूक नकोच, असे आम्ही म्हणत नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला विदर्भभरातून माणसे येतात. 14 एप्रिलला आपली वस्ती रस्त्यावर येते. दोन खोल्यांत सात माणसे राहत असतील तर बाहेर पडणे, हसणे, गाणे ही मनाची गरज आहे. पण जत्रेला, मेळ्याला ठेकेदार असतो, पैसा असतो. झाडाच्या बाजूने बोलायला कोणी नसते. म्हणून दर वेळी माघार झाडालाच घ्यावी लागते.

नागपूरच्या अंबाझरीचे उदाहरण समोर आहे. उद्यानाची जागा खासगी करमणूक प्रकल्पाकडे गेली आणि 2021 मध्ये तिथले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडले गेले. आपल्या भगिनी त्याविरोधात दीर्घकाळ धरण्यावर बसल्या. सार्वजनिक जागेला तिकीट लागले की गरीब आधी बाहेर पडतो. 1927 चा महाडचा संग्राम तळ्याच्या पाण्यापुरता नव्हता. सार्वजनिक जागा सर्वांची, हा हक्क त्यात होता.

आता आपल्या दाराशी पाहू. वडगाव, लोहारा, उमरसरा, वाघापूर ही गावे शहरात आली, लेआऊट पडले. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआऊटमध्ये 10 टक्के जागा खुली सोडावी, असा नियम आहे. नकाशावर ती असते. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी तिथे कचरा, गाड्या, पक्का मंच किंवा एखादे प्रार्थनास्थळ दिसते. खरे बोलायचे तर आपणही यात मागे नाही. विहार हवेच, पण त्यासाठी अख्खी खुली जागा सिमेंटने झाकायची का? तथागतांना बोधी प्राप्त झाली ती पिंपळाखाली. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचे शिलालेखात नोंदवले आहे. त्यांचे नाव घेणाऱ्यांच्या विहारासमोर सावली नसावी, हे शोभत नाही.

आवाजाचेही तसेच. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे आणि दवाखान्यापासून 100 मीटर शांतता क्षेत्र असते. हा नियम दुर्गोत्सवाला आहे तसा आपल्या जयंतीच्या डीजेलाही आहे. ओल्या बाळंतिणीला आणि बीपीच्या पेशंटला मिरवणूक कोणाची आहे याने फरक पडत नाही.

बगीचा म्हणजे लॉन आणि कारंजे, ही कल्पनाही सोडू. 2018 च्या उन्हाळ्यात शहराने पाण्यासाठी काय हाल सोसले, ते आपण विसरलो नाही. कडुनिंब, करंज, चिंच, वड लावा. पहिले दोन-तीन उन्हाळे जगवले की ती सहसा आपली आपण तगतात. सोबत बाक, दिवे आणि बायांसाठी स्वच्छतागृह हवे. नाहीतर बाया तिथे येणारच नाहीत. आठवड्यात पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालले तरी शुगर-बीपीवर चांगला परिणाम होतो. पण चालायला जागा तर हवी!

म्हणून आमचे सांगणे एवढेच. प्रत्येक विहार समितीने नगरपरिषदेतून आपल्या लेआऊटचा मंजूर नकाशा मागावा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा. खुली जागा कुठे आहे ते वस्तीला दाखवावे. कार्यक्रमासाठी मधला भाग मोकळा ठेवून कडेने झाडे लावावीत. येत्या वर्षावासात एका विहाराने एक खुली जागा सांभाळायला घ्यावी. पुढच्या जयंतीला आपली लेकरे त्याच मैदानावर नाचतील आणि काही वर्षांनी म्हातारी माणसे तिथेच सावलीला बसतील.

जयभीम!