पलीकडचा माणूस

आमच्या कोटरा सुल्तानाबादच्या घरी गेले वर्षभर रात्री नऊला दिवस उजाडतो. भाचा आमच्याकडे राहतो आणि अमेरिकेतील ग्राहकांच्या संगणकाच्या तक्रारी घरबसल्या सोडवतो. परवा सुटीच्या दिवशीही तो तक्रारीच सोडवीत बसलेला पाहून आम्ही हटकले, तर हसून म्हणाला, "मामा, हा खेळ आहे!"

'टेक सपोर्ट : एरर अननोन' हे त्या खेळाचे नाव. तो २०१९ साली निघाला. खेळणाऱ्याने एका दूरसंचार कंपनीत नोकरीस लागायचे. कुणाचा फोन उघडत नाही, कुणाची काच फुटली आहे, कुणाला पैसे परत हवे आहेत. लेखी प्रश्नोत्तरांतून दुखणे ओळखून उपाय सांगायचा. इथवर साधी कारकुनी. पुढे मात्र ध्यानात येते, की ग्राहकाच्या फोनमध्ये शिरण्याची, त्याचा ठावठिकाणा काढण्याची, त्याला धमकावून पैसे उकळण्याचीही सोय आपल्या हाती आहे. तिचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

आम्हांला जुन्या काळचा पोस्टमन आठवला. निरक्षर घरांत पत्र तोच वाचून दाखवी, उत्तरही तोच लिही. साऱ्या घराची गुपिते त्याच्या ओठांआड असत. मदत मागणारा मनुष्य आपली किल्लीच दुसऱ्याच्या हाती देत असतो.

खेळ पाहून आठवडाही झाला नसेल, तोच शेजारच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या आल्या. मुलगा परदेशी, काकू एकट्या. फोनवरचा गृहस्थ आर्जवाने सांगत होता, की तुमचे खाते बंद पडणार आहे, एवढे ॲप उतरवून घ्या, पुढचे आम्ही पाहतो. भाच्याने फोन बंद केला आणि काकूंना पाणी दिले. मग म्हणाला, "काकू, आम्ही कुणाला आपणहून फोन करीत नाही. अडलेला माणूस आम्हांला करतो. न बोलावता मदतीला आलेल्याला दार उघडू नका."

काकू निवांत झाल्या, पण आमचे मन त्या पलीकडच्या माणसाकडे लागले. तोही कुणाचा तरी भाचाच असेल. ठाणे जिल्ह्यात मीरा रोडला ऑक्टोबर २०१६ मध्ये पोलिसांनी कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेचे करअधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना लुबाडले जात होते. शेकडो तरुणांची चौकशी झाली. इंग्रजी बरे येते, पगार बरा मिळतो, एवढ्यावर नोकरीस लागलेली मुले त्यांत होती. खेळातला प्रश्न त्यांच्यापुढे खरोखरीच उभा राहिला होता, आणि तिथे डाव मोडून पुन्हा मांडता येत नाही.

आपल्या घरांतील मुले आज अशा खुर्च्यांवर बसतात. पगार किती, हे आपण विचारतोच. काम नेमके काय, कुणाच्या किल्ल्या हाती येतात, हेही विचारावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनशेजारी १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथे नोंदवतात; जितकी लवकर, तितकी पैसे वाचण्याची आशा अधिक.

काकूंकडे तो कागद भाच्याने स्वतः चिकटवला. खाली त्याने आपलाही क्रमांक लिहिला आहे.