पाने वाढली, विचारणा वाढली का?

संकेतस्थळावर मजकूर जितका अधिक, तितके शोधयंत्रातून येणारे ग्राहक अधिक, हे गणित गेली अनेक वर्षे लहान-मोठ्या व्यावसायिकांच्या मनावर बिंबवले गेले आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. मात्र मजकुरामुळे नेमके काय वाढते, याचा हिशेब मांडताना अनेकांची गफलत होते आणि २०२४ नंतर ही गफलत महाग पडू लागली आहे.

या गणिताचा गाजलेला दाखला अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातला आहे. फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवून देणारी ‘रिव्हर पूल्स’ ही कंपनी २००८ च्या मंदीत स्वतःच बुडण्याच्या बेतात होती. तिचे एक भागीदार मार्कस शेरिडन यांनी २००९ मध्ये ग्राहकांच्या एकेका प्रश्नाचे उत्तर संकेतस्थळावर लिहिण्यास प्रारंभ केला. खर्च किती येतो, हा प्रश्न या धंद्यात टाळलाच जाई. त्यांनी त्यावर लिहिले, शिवाय फायबरग्लासच्या तलावांतील दोषही सांगितले. खर्चाविषयीच्या एकाच लेखामुळे किमान १७ लाख डॉलरची विक्री झाली, असा दावा त्यांनी २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’कडे केला. संकेतस्थळाची ३० पाने वाचून भेट ठरविणाऱ्यांपैकी ८० टक्के लोक खरेदी करतात, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे ग्राहक दारात येण्यापूर्वीच त्याचा निम्मा निर्णय झालेला असे. खरे यश होते ते हे.

अनुकरण मात्र पानांच्या संख्येचे झाले. ‘डिमांड मीडिया’ने तर लोक काय शोधतात ते पाहून घाऊक लेख लिहवून घेण्याचा कारखानाच थाटला आणि जानेवारी २०११ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. पुढच्याच महिन्यात गुगलने ‘पांडा’ हा बदल लागू केला. त्याचा परिणाम अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर झाला आणि निकृष्ट मजकुराची संकेतस्थळे मागे ढकलली गेली. मार्च २०२४ मध्ये गुगलने घाऊक मजकुराविरुद्धचे नियम आणखी कडक केले. ठरावीक शब्दसंख्येला आपण प्राधान्य देत नाही, हे तर कंपनीच्या मार्गदर्शिकेतच नमूद आहे. तरीही दोन हजार शब्दांचा आग्रह धरणारे सल्लागार भेटतातच.

आकडे वाचण्यातही घोळ होतो. उदाहरणार्थ, एखादे संकेतस्थळ शोधात १,००० वेळा दिसून ५० जणांनी क्लिक केले, तर प्रमाण ५ टक्के होते. मजकूर वाढविल्यावर ते १०,००० वेळा दिसले आणि २०० क्लिक मिळाले, तर प्रमाण २ टक्क्यांवर येते. टक्का घसरला, माणसे चौपट झाली! मात्र ही वाढ व्याख्या किंवा सामान्य माहिती शोधणाऱ्यांची असेल, तर दूरध्वनी पूर्वीइतकाच वाजेल. विचारणा येते ती किंमत, तुलना, मुदत आणि दुरुस्ती यांविषयीच्या पानांवरून. हीच पाने लिहिताना व्यावसायिक हात आखडता घेतात.

आता या सर्वसामान्य माहितीचे उत्तर गुगल स्वतःच देऊ लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश शोधाच्या शिरोभागी दाखविण्याची सोय मे २०२४ मध्ये अमेरिकेत, तर ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात इंग्रजी व हिंदीत सुरू झाली. ‘प्यू रिसर्च सेंटर’ने मार्च २०२५ मधील अमेरिकी वापरकर्त्यांचे शोध तपासले. सारांश दिसला नाही तेव्हा १५ टक्के वेळा निकालातील दुव्यावर क्लिक झाले. सारांश दिसला तेव्हा अवघे ८ टक्के. खुद्द सारांशातील दुव्यावर क्लिक झाले ते केवळ १ टक्का वेळा. गुगलला ही अभ्यासपद्धती मान्य नाही. एकूण क्लिक जवळपास स्थिर असून त्यांचा दर्जा सुधारला आहे, असे कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. आकडेवारी मात्र दिली नाही.

दर्जा सुधारल्याचा हा दावा व्यावसायिकाला स्वतःच्या वहीत पडताळता येईल. त्यासाठी विचारणा करणाऱ्या प्रत्येकाला, आपण कोणते पान वाचून दूरध्वनी केलात, एवढे विचारून त्याची नोंद ठेवावी लागेल.