विहिरीच्या मातीतील कालगणना

रत्नागिरीच्या सड्यावर विहीर खणली जाते ती पाण्यासाठी. जांभ्याचा जाड थर फोडून खाली गेल्यावर काही ठिकाणी निळसर वा पांढरी चिकणमाती लागते आणि तीत कोळशासारखी काळी पडलेली लाकडे व पानांचे अवशेष आढळतात. पाण्याची वाट पाहणाऱ्या मालकाला ही घाणच वाटते आणि ती दूर नेऊन टाकली जाते. वस्तुतः दक्षिण कोकणच्या भूतकाळाचा हा दुर्मिळ दस्तऐवज होय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्किन्सन यांनी १८७१ साली या प्रदेशाच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष या मातीकडे आहे.

तळाच्या काळ्या कातळाचे वय त्यातील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून काढता येते. ते सुमारे ६.६ कोटी वर्षे भरते. जांभा हा तर मूळ खडक कुजून उरलेला अवशेष. त्यात जीवाश्म सहसा टिकत नाहीत. मधली माती वाहून आलेली, म्हणजे तिचे कण तिच्याहून जुन्या खडकांचे. तेव्हा साक्ष उरते ती परागकणांची व बीजाणूंची. त्यांचे कवच इतके चिवट असते की कोट्यवधी वर्षांनंतरही सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा प्रकार ओळखता येतो. नष्ट झालेली जाती पुन्हा अवतरत नाही. म्हणून दोन दूरच्या ठिकाणी तोच समूह सापडला, तर ते थर एकाच कालखंडातील मानता येतात. रत्नागिरीच्या मातीची तुलना अशा रीतीने केरळातील वर्कला येथील थरांशी केली गेली आहे. आणि त्याच किनाऱ्यावरील कोल्लमच्या चुनखडकात मायोसीन काळातील सागरी प्राण्यांची कवचे आहेत. समुद्राची साक्ष अशी वनस्पतींमार्फत कोकणातल्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचते. मायोसीन म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ. म्हणजे विहिरीच्या एकाच भिंतीत, कातळ संपून माती सुरू होते त्या रेषेवर, चार कोटींहून अधिक वर्षांची पाने गहाळ आहेत!

जीवाश्मांवरून थर जुळवण्याची ही विद्या रुजवणारा विल्यम स्मिथ विद्यापीठातील पंडित नव्हता. इंग्लंडात कालव्यांच्या खोदकामावर मोजणी करता करता त्याने ती मिळवली व १८१५ साली आपला प्रसिद्ध नकाशा काढला. खोदकाम व्हायचेच होते. त्याने फक्त नोंद ठेवली.

आपल्याकडे नेमकी तीच राहून जाते. हा मातीचा थर सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी आढळतो. म्हणून प्रत्येक विहीर स्वतंत्र पुरावा ठरते. विंधनविहिरींचे यंत्र तर खडकाचा भुगाच वर काढते. हाताने खणलेल्या विहिरी कमी होत असताना ही हयगय परवडणारी नाही. विहिरी विद्येसाठी खणत नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. पण जांभा सच्छिद्र आहे आणि चिकणमाती पाणी अडवते; तेव्हा ही माती कोठे व किती खोलीवर आहे, हे ज्याला पाणी हवे त्यालाही कळले पाहिजे.

सरकारी अनुदानातून होणाऱ्या प्रत्येक विहिरीच्या कागदपत्रांत थरांची नोंद सक्तीची करावी. प्रत्येक थराची मूठभर माती पिशवीत घालून जवळच्या महाविद्यालयाकडे द्यावी. याला लागणारा खर्च विहिरीच्या खर्चाच्या मानाने नगण्य आहे. मात्र पिशवीवर गावाचे नाव आणि खोली हवीच. खोली न लिहिलेला नमुना, त्यात पानाचा कितीही रेखीव ठसा असला, तरी थर जुळवण्याच्या कामी येत नाही.